शाळेमागचा पळस

आमच्या घरात दोन प्रकारचे दिवस असत. काकूला हळदीकुंकवाचं बोलावणं आलेले आणि न आलेले. चैत्रात किंवा संक्रांतीला शेजारच्या पोरी परकर सावरत दारात येऊन ‘आईनं बोलावलंय’ म्हणून ओरडून जात, तेव्हा आम्ही सगळे कान देऊन ऐकायचो की बोलावणं एकट्या आईला आहे की दोघींना. दोघींना असलं तर काकू धपाट्यांचं पीठ मळता मळता गुणगुणायला लागे. नसलं तर एकदा झाडून झालेलं अंगण ती पुन्हा झाडायला घेई, चूल विनाकारण पेटवे आणि दुपारभर भांडी वाजवे. आई तिच्या वाटणीची कामं मुकाट्यानं करत राही, आणि संध्याकाळी आपणही जात नसे. तिखटानं डोळे चुरचुरतात म्हणायची.

काकू म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्याची बायको. काका फौजेत होते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा लढाई लागली आणि त्यांची पलटण सीमेवर गेली. लढाई संपली, विजयाचे पेढे वाटले गेले, आजूबाजूच्या गावांतले काही जण परत आले, काहींच्या अस्थी आल्या, आणि आमच्याकडं तार आली, बेपत्ता म्हणून. मेला असं कुणी लिहिलं नव्हतं आणि जिवंत आहे असंही नाही. मी तेव्हा रांगत होते, म्हणजे काका मला आठवण्याचा प्रश्नच नाही. मला आठवते ती काकू, कोपरापर्यंत हिरवा चुडा, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि एका जागी न टिकणारी. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. भाकरी तव्यावर टाकून ती गोठ्यात डोकावून यायची, गोठ्यातून परसात, परसातून फाटकाशी. बांगड्यांच्या आवाजावरून ती घरात कुठं आहे हे कळायचं. मीही त्याच घरात वाढले, त्यामुळं मला आजही जेवताना दोनदा उठावं लागतं. माझ्या सुना हसतात.

आमचं गारखेडा तेव्हा शहरात नव्हतं. शहरातली माणसं आमच्याकडं बोट दाखवून ‘तिकडं खेड्यात’ म्हणायची. वडील सायकलवर शहरातल्या कचेरीत जात, शेती आजोबा बघत. आजोबांना आम्ही आबा म्हणायचो. उंच, कोरडे, कमी बोलणारे. काकांचं नाव ते कधी घेत नसत. पितृपंधरवडा आला की मात्र त्यांचा जीव थाऱ्यावर राहत नसे. सगळ्या गेलेल्यांच्या नावानं ते पाणी सोडत आणि शेवटी ओंजळ तशीच धरून बसत. धाकट्याच्या नावानं सोडावं की नाही? सोडलं तर जित्या पोराचं श्राद्ध घातल्यासारखं, आणि नाही सोडलं तर पोर तहानलेलं. आबांची ती ओंजळ मी लहानपणी पाहिली आहे. पाणी बोटांमधून आपोआप गळून जायचं, मग ते उठायचे.

काका जाऊन बारा वर्षं होत आली तशी करमाडची आत्या वरचेवर यायला लागली. आत्या मनानं वाईट नव्हती, पण तिच्या आवाजाला आमच्या भिंती पुरत नसत. तिनंच एक दिवस गुरुजींना घरी आणलं. गुरुजींनी ओसरीवर बसून चहा पीत सगळं सांगितलं. बारा वर्षं वाट पाहिली की पुरे. देह सापडला नसेल तर पळसाच्या पानांचा माणसाएवढा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आणि त्याला रीतसर अग्नी द्यायचा. पुढं तेरा दिवस, आणि मग बाईचं कुंकू, बांगड्या, जे काय असेल ते. आईनं दाराआडून विचारलं की माणूस उद्या परत आला तर? गुरुजी म्हणाले, तर त्याचं पुन्हा बारसं करायचं आणि हिच्याशीच पुन्हा लग्न लावायचं, शास्त्रात सगळ्याची सोय आहे. आत्याला ते ऐकून बरं वाटलं. काकू आत चुलीपुढं होती. त्या दिवशीची भाकरी करपली, आणि त्यानंतर कुणाच्याही लग्नात काकू पत्रावळीवर जेवली नाही. पिशवीत घरची पितळी थाळी घेऊन जायची. पळसाच्या पानावर भात बघितला की मला मळमळतं, एवढंच सांगायची.

हे घरात धुमसत होतं तेव्हा शाळेत वेगळीच धांदल चालली होती. शाळेमागं मुरमाचा एक उंचवटा होता, आम्ही त्याला टेकडी म्हणायचो. आदल्या वर्षी तिथं आम्ही कडुनिंब आणि गुलमोहर लावले होते आणि ते सगळे भिवा धनगराच्या शेळ्यांनी फस्त केले होते. हेडमास्तर त्याच्यावर तावातावानं चालून गेले, तर भिवा म्हणाला, शेळीला काय ठावं, कोणतं झाड सरकारी हाय. मग विज्ञानाचे मोरे सर पुढं आले. साताऱ्याकडचे, नवीन नोकरीचे, उत्साहानं उतू जाणारे. ते म्हणाले, पळस लावू. मुरमात येतो, पाणी फारसं मागत नाही, शेळी त्याला सहसा तोंड लावत नाही, आणि आपल्याच मातीतला आहे. हेडमास्तरांना लढाईत कामी आलेल्या आपल्या भागातल्या जवानांसाठी शाळेत काहीतरी करायचं होतं, पण स्मारकाचा दगड बसवायला कुणी मदत देत नव्हतं. दोन्ही गोष्टी जुळल्या. एका जवानाच्या नावानं एक झाड, नावाची पाटी, आणि ज्याच्या घरचं पोर शाळेत असेल त्यानंच ते रोप घरी वाढवून स्वातंत्र्यदिनाला टेकडीवर लावायचं. काकांचं नाव सरांनी मोठ्या अभिमानानं यादीत घातलं आणि डालड्याच्या डब्यातलं रोप माझ्या हातात दिलं.

तुम्ही म्हणाल, तुला कळलं नाही का? मला पळस माहीत होता आणि पानांचा पुतळाही माहीत होता. पण एक गोष्ट शाळेतली होती आणि एक घरातली, आणि त्या वयात या दोन्ही गोष्टी डोक्याच्या वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. मी तो डबा छातीशी धरून, वर्गातल्या पोरी बघतायत ना याची खात्री करत, घरी आले. नागपंचमीसाठी आत्या माहेरी आलेली होती. काकू दगडावर धुणं आपटत होती. तिनं विचारलं कशाचं रोप, तर मी ठसक्यात सांगितलं की काकांच्या नावाचं आहे, पाटीसुद्धा लागणार आहे. काकूनं ओल्या हातानं त्याचं पान उलटून पाहिलं. एका देठावर तीन. मग तिनं मला अगदी हळू विचारलं की हे आबांनी आणायला सांगितलं का. मी नाही म्हणायच्या आत आत्या ओसरीवरून म्हणाली, “देवानंच धाडलं बघ. पळस आपल्या पायानं घरात आला.”

काकूनं धुणं तसंच सोडलं. ती खाली बसली. काकूला नुसतं बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला इतकी भीती वाटली की मी डबा तिथंच टाकून न्हाणीघरात जाऊन रडले.

वडिलांनी सरांना निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी सर सायकल हातात धरून आमच्या दारात उभे, चेहरा पडलेला. त्यांनी दहा वेळा माफी मागितली. ते म्हणाले, मी या बाजूचा नाही, एवढा विचारच केला नाही. रोप बदलतो, कडुनिंब देतो, नाहीतर नावच काढतो. यानं कुणाचंच समाधान झालं नाही. नाव काढतो म्हटल्यावर आबा पहिल्यांदा बोलले. म्हणाले, ते पण काढलं तर मग त्याचं कुठं काहीच उरत नाय. आत्यानं पुन्हा पुतळ्याचा विषय काढला. पितृपंधरवडा जवळ आलाय, उरकून टाका म्हणाली. तेव्हा काकू बाहेर आली. आमच्याकडं सून सासऱ्याला मामा म्हणते, पण समोर उभं राहून बोलत नाही. काही सांगायचं असलं की पोरांच्या तोंडून सांगते. काकूनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि सरळ आबांशी बोलली.

“मामा, झाड हेच लावा. नाव बी लावा. पण पुतळ्याला पानं घ्यायची ती ह्याच झाडाची. दुसरीकडची आणायची नाय. ह्याला पुतळ्यापुरती पानं आली की मी नाय म्हणणार नाय. तुमच्या हातानं तोडा.”

आबांनी डब्याकडं पाहिलं. वीतभर काडी आणि एक पान. हा सौदा कुणाच्या बाजूचा आहे हे त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. ते म्हणाले, “व्हय.” आत्या तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर केला.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर आम्ही टेकडीवर रोपं लावली. बाकीच्या पाट्यांवर नावाआधी हुतात्मा लिहिलं होतं. काकांच्या पाटीवर सरांनी नुसतं नाव लिहिलं, आणि मला वाटतं त्या दिवशी त्यांनी केलेली ती सगळ्यात शहाणपणाची गोष्ट होती.

तिथून माझी जी तगमग सुरू झाली ती शाळा सुटेपर्यंत गेली नाही. रोज सकाळी कळशी घेऊन टेकडीवर जायचं आणि झाडापुढं उभं राहून ठरवायचं की पाणी घालायचं की नाही. घातलं तर पान फुटणार, पानं झाली की काकूचा चुडा फुटणार. न घालावं तर काकांच्या नावाचं झाड मरणार, आणि मग लोक काय म्हणतील ते सांगायलाच नको. मी अर्धी कळशी घालायचे आणि अर्धी शेजारच्या झाडाला. वर्गात बसले की वाटायचं, अर्धीनं भागलं नसेल. घरी गेले की वाटायचं, जास्त झालं. आबा दर सोमवारी ‘बांध बघून येतो’ म्हणून निघत. आमचा बांध पूर्वेला होता आणि आबा पश्चिमेला, शाळेच्या अंगानं जात. काकू भाकरी थापता थापता पाठमोरीच मला विचारी, “काय म्हणतंय?” मी म्हणायचे, तेवढंच आहे. मग ती माझ्या भाकरीवर शेंगदाण्याची चटणी जरा जास्त घालायची. खरं सांगू का, मला त्या झाडाचा राग यायचा आणि त्याच्या पानावर किडा दिसला तर मी तो चिमटीत धरून लांब फेकूनही यायचे.

उन्हाळ्यात झाड वाळलं. पान गळलं, काडी तपकिरी झाली, मोडली तर कट्कन मोडेल अशी. टेकडीवरचे बहुतेक सगळेच पळस तसे झाले होते, पण गावात बोभाटा झाला तो आमच्याच झाडाचा. नावाचं झाड वाळलं, काय कळायचं ते कळलं. ज्या बायका बोलावत होत्या त्यांनीही चैत्रातल्या हळदीकुंकवाला काकूला टाळलं. हेडमास्तरांनी सांगितलं की साहेब तपासणीला येणार आहेत, वाळकी रोपं उपटून टाका, नवीन आणू. मी दप्तर टाकून घरी धावले. काकू परसात शेण थापत होती. तिनं हातही धुतले नाहीत. भर दुपारी, चपला न घालता ती शाळेकडं निघाली, मी मागं. शाळेत ती आयुष्यात कधी आली नव्हती. टेकडीवर मोरे सर, शिपाई आणि दोन-चार पोरं होती, शिपायाचा हात काडीला लागलेला.

“मेलं म्हणून कुणी सांगितलं?” काकू म्हणाली.

सर समजुतीनं म्हणाले की बाई, पूर्ण वाळलंय, तुम्हीच बघा.

“वरून वाळलंय. खाली उकरून बघितलं का कुणी?”

ती खाली बसली आणि शेणानं भरलेल्या हातांनी मुरूम उकरायला लागली. बांगड्या दगडावर आपटत होत्या, एक फुटली, तिचं लक्ष नव्हतं. सरही मग गुडघ्यावर बसून उकरू लागले. खाली मूळ होतं, मुळ्यासारखं जाड आणि ओलं, बोटानं दाबलं तर घट्ट. काकूनं ते पाहिलं, वर माती लोटली, थापटली, आणि उठली. पदरानं तोंड पुसलं तेव्हा गालाला शेण लागलं. परतीच्या वाटेवर ती रडत होती आणि चालत होती, आणि मला तिला गाठायला पळावं लागत होतं. बारा वर्षं सगळे तिला तेच सांगत होते, आणि उकरून कुणीच बघितलं नव्हतं.

त्या दिवसापासून पाणी घालायला ती माझ्याबरोबर यायला लागली. एकदा मी धीर करून विचारलं की काकू, तुला तर पानं यायला नको होती ना. ती म्हणाली, “नकोच हायेत. पण वाळू बी देववत नाय. दोन्हीकडून माझंच हाय गं, शोभे.” पळसाची लहान रोपं सुरुवातीची काही वर्षं अशीच वरून वाळतात आणि मुळातून पुन्हा फुटतात, हे मला पुढं कळलं. आमचं झाडही वाळायचं, आषाढात फुटायचं, पुन्हा वाळायचं. आबा जाऊन बघून यायचे. मग एका वर्षी ते वाळलंच नाही. मी तेव्हा शहरात कॉलेजला जायला लागले होते. झाड माझ्या कमरेला लागलं, दोन वर्षांनी डोक्याला, आणि पानं पोळपाटाएवढी झाली.

पितृपंधरवडा लागायच्या आदल्या सकाळी आबा आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून ओसरीवर आले. खांद्यावर पांढरं फडकं होतं, पानं बांधून आणायला. ते म्हणाले, “झाली पानं.” काकू आत गेली, मला वाटलं आता कडी लावून घेईल. ती नवं पातळ नेसून बाहेर आली, कपाळावर कुंकू नेहमीपेक्षा मोठं. चला, म्हणाली. मी त्यांच्या मागं गेले, जाऊ नको असं कुणी म्हटलं नाही.

टेकडीवर भिवाच्या शेळ्या चरत होत्या. झाड आबांच्याही वर गेलं होतं, अंगभर पानं, पुतळ्याला पुरून उरतील एवढी. काकू बाजूला उभी राहिली. तिनं डोळे मिटले नाहीत, मान खाली घातली नाही. “तोडा, मामा,” म्हणाली. आबांनी हात वर केला आणि एक पान धरलं, पोराचा कान धरावा तसं. धरूनच राहिले. मी त्यांच्या हाताकडं बघत होते, मनगटावरच्या शिरा ताठ झाल्या होत्या. तो हात म्हातारा आहे हे मला तेव्हाच दिसलं. ते पान सोडून त्यांनी दुसरं धरलं. तेही सोडलं. मग झाडाच्या खोडावर हात ठेवून त्यांनी शेंड्याकडं मान वर करून बघितलं, कारण शेंडा बघायला त्यांना मान वर करावीच लागत होती.

“लहान हाय अजून,” आबा म्हणाले. “पुढच्या साली बघू.”

काकूनं त्यांच्या खांद्यावरचं फडकं घेतलं, घडी घातली आणि आपल्या काखेत धरलं. घराकडं येताना ती आबांच्या पुढं चालत होती. आमच्याकडं सून सासऱ्याच्या पुढं चालत नाही, पण आबांनी तिला पुढं जाऊ दिलं. त्या दिवशी काकूनं येसराची आमटी केली आणि आबांनी ती दोनदा मागून घेतली.

त्यानंतर दर वर्षी त्या दिवसात आबा टेकडीवर जाऊन यायचे आणि ओसरीवर बसता बसता म्हणायचे, लहान हाय अजून. झाड शाळेच्या पत्र्याच्या वर गेलं, फाल्गुनात पेटल्यासारखं फुलायला लागलं, पोरं त्याच्या फुलांचा रंग करून धुळवड खेळायला लागली, तरी ते लहानच होतं. आत्याही पुढं पुढं विचारायची थांबली. आबा गेले ते धाकट्याच्या नावानं पाणी न सोडताच.

आता त्या टेकडीच्या तिन्ही बाजूंना इमारती आहेत आणि शाळेला कंपाउंड. बरेचसे पळस बांधकामात गेले, आमचा आहे. दर वर्षी शाळा कार्यक्रम करते, पोरं हातात फलक घेऊन झाडांभोवती उभी राहतात, नावं वाचली जातात, रोपं वाटली जातात. मला बोलावतात. मी शेळ्यांची गोष्ट सांगते, पोरं हसतात. बाकीचं सांगायला माझी जीभ उचलत नाही, म्हणून इथं लिहिलं.

काकू गेल्या हिवाळ्यात गेली, माझ्याकडंच, सकाळी चहा ओतता ओतता. आई-वडील आधीच गेलेले, तेव्हा घरातली मोठी मीच. इमारतीतल्या बायका जमल्या, करमाडहून आत्याची सून आली. आंघोळ घालून झाली आणि सगळ्या थांबल्या. पातळ कोणतं नेसवायचं, कुंकू लावायचं का, ओटी भरायची का, हे कुणी विचारेना आणि सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी कपाटातून हिरवं पातळ काढलं. चुडा भरायला सांगितला. तिच्या कपाळावर मळवट भरत असताना आत्याची सून माझ्या कानाशी वाकली. तिनं सासूकडून सगळं ऐकलेलं होतं. म्हणाली, “शोभाताई, त्या झाडाला पानं तर कधीच आली असतील ना?”

मी बोट कुंकवात बुडवलं आणि तिच्याकडं न बघता म्हणाले, “नाही. लहान आहे अजून.”